डब्यातला भुंगा

माझी सून जागृती बोलत न्हाय. मुकी न्हाय हां, देवीच्या कृपेनं सगळं धडधाकट हाय. पण ती दिवसभरात जेवढं बोलते तेवढं मी एका गिऱ्हाइकाशी बोलते, तेही त्यानं काही घेतलं न्हाय तर. घेतलं तर आणखी बोलते. आमच्या कोळीवाड्यात बाई गप्प बसली की शेजारीण विचारायला येते, बरं न्हाय का गं म्हणून. जागृती लग्न करून आली तेव्हा कितीतरी दिवस माझ्या दारात असं विचारणाऱ्यांची रीघ लागली होती.

अल्पेश माझा मुलगा, बोटीवर जातो. त्याच्यासाठी मुलगी बघायला आम्ही पार बोर्ली पंचतनला गेलो होतो. तिच्या बापाचं तिथल्या बाजारात रेडिओ आणि बॅटऱ्या दुरुस्तीचं दुकान. बोटींवरचे दिवे म्हणू नका, वायरलेस म्हणू नका, सगळं त्याच्याकडे यायचं, आणि पोरगी शाळा सुटली की त्याच्या शेजारी बसून वायरी सोलायची. लोक म्हणाले, मुलगी हुशार हाय, हाताला वळण हाय. तोंडाबद्दल कोणी काही बोललं न्हाय, आणि मी मेली विचारायला विसरले.

लग्नानंतर तिला माझ्याबरोबर बाजारात नेली. समोर पाटी, पाटीमागे सून, आणि तोंडाला कुलूप. म्हटलं, "अगो, ओरड जरा! बोंबील काय स्वतः सांगणार हायत मी ताजा हाय म्हणून?" तेव्हा ती 'ताजे बोंबील' असं म्हणाली, पण इतक्या हळू की ते फक्त बोंबलांनीच ऐकलं. माझं डोकं फिरलं. भर बाजारात तिला वाट्टेल ते बोलले. ती ऐकून घेत होती आणि शेजारच्या चहावाल्याच्या रेडिओकडे बघत होती. घरी निघताना मला म्हणते, "आय, त्याच्या रेडिओचा अडॅप्टर जाणार हाय. आवाज येतोय." दोन दिवसांनी खरोखरच गेला. तेव्हाच मला कळलं की या पोरीला बाजारात बसवून उपयोग न्हाय, तिचं लक्ष माशात न्हाय, आवाजात हाय.

मग निसर्ग वादळ आलं. आमच्याकडचे माड आडवे झाले, छपरं उडाली, लाइट कितीतरी दिवस न्हाय. आणि आली तेव्हा वाडीतल्या अर्ध्या घरांतली यंत्रं बसली ती उठलीच न्हाईत. टीव्हीचे डबे, चार्जर, म्हाताऱ्यांचे रेडिओ. जागृतीनं माहेराहून सोल्डरिंगचं पेन मागवलं आणि आमच्या पडवीत बसली. माझी सुक्या जवळ्याची चांगली पाटी होती, तिच्यात बघता बघता लोकांचे काळे ठोकळे जमा झाले. मी आरडाओरड केली, पण कोणाच्या कानात शिरतंय! आज ती पाटी तिचीच हाय. अजून जवळ्याचा वास येतो तिला, आणि लोकांच्या चार्जरलाही येतो.

मला यातलं काही कळत न्हाय, पण रोज बघून बघून एवढं कळलंय. भिंतीतली लाइट जोराची असते आणि सारखी वर-खाली होते. अडॅप्टर म्हणजे तो काळा ठोकळा तिला सावकाश आणि सपाट करतो आणि मग यंत्राला देतो. ठोकळा म्हातारा झाला की सपाट करायचं काम अर्धवट सोडतो. ते अर्धवट राहिलेलं काम मग स्पीकरमधून ऐकू येतं, घूंऽऽऽ असं. जागृती त्याला हमिंग म्हणते. मी भुंगा म्हणते, आणि आता सगळी वाडी भुंगाच म्हणते. लोक येतात आणि सांगतात, "जागृती, आमच्या रेडिओत भुंगा शिरलाय गो."

ती लगेच काही उघडत न्हाय. आधी विचारते. कधी येतो? कुठं लावता? शेजारी दुसरं काय लावलेलं असतं? एका बाईचा रेडिओ स्वयंपाकघरात गुणगुणायचा आणि पडवीत गप्प बसायचा. जागृतीनं विचारलं, "फ्रीज त्याच बोर्डावर हाय का?" होता. रेडिओ दुसऱ्या बोर्डावर लावायला सांगितला, झालं. बाईला वाटलं आपल्याला फसवलं, काही दुरुस्त केलंच न्हाय. मी म्हटलं, "बाय माझी, भुंगा गेला ना? मग नाक कशाला मुरडतेस?"

आता कृष्णाबाईचं सांगते.

कृष्णाबाई माझी थोरली जाऊ. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. तिला मूलबाळ न्हाय. ती आमच्या वाडीची धवलारीण. कोळ्याचं लग्न लागायचं तर आधी धवलारीण लागते. मांडव घालताना, हळद लावताना, नवऱ्याला न्हाऊ घालताना ती धवले गाते, आणि त्या गाण्यातून देवांना लग्नाला बोलावते. ती पुढं गाते आणि आम्ही बायका मागून तिची ओळ झेलतो. झेलायला सगळ्यांना येतं. पुढचं मात्र तिच्याशिवाय कोणाला येत न्हाय, कारण धवला फार लांब असतो, आणि त्याच्या मध्ये त्या-त्या घरची नावं गुंफावी लागतात. त्या घराचा कुलस्वामी, घरातले वडील, वारलेले वडील, घरची बोटसुद्धा. एक नाव राहिलं तर ते माणूस मांडवाबाहेर उभं राहिलं असं आम्ही मानतो.

शिकवायची तिची फार इच्छा. पण स्वभाव असा की स्वतःहून "ये, शीक" म्हणणार न्हाय. ज्या पोरी आल्या त्या दोन ओळी शिकल्या आणि मोबाइल पुढं धरून म्हणाल्या, "मोठी आय, रेकॉर्ड करू का? मग घरी ऐकू." ती म्हणायची, "रेकॉर्ड करशील, पण त्यात नावं कोणाची घालशील?" पोरी पुन्हा आल्या न्हाईत.

त्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाजातला जोर गेला. पूर्वी ती किनाऱ्यावर उभी राहून हाक मारायची ती बोटीवर ऐकू जायची. आता मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचत न्हाय. म्हणून अल्पेशनं तिला स्पीकरचा एक डबा आणून दिला, माइक लावलेला. डब्यातली बॅटरी लवकरच बसली, पण अडॅप्टरवर तो छान चालायचा. दोन लग्नं तिनं त्यावर गाजवली. आणि मग त्या डब्यात भुंगा शिरला.

साधासुधा न्हाय हां. तिचा आवाज बारीक, आणि भुंगा असा मोठा की गाणं त्याच्याखाली दबून जायचं. थळच्या एका लग्नात लोकांनी मध्येच डबा बंद केला आणि ती तशीच गात राहिली. पुढच्या चार बायकांना ऐकू गेलं, बाकीच्यांनी गप्पा मारल्या. घरी आली ती जेवलीच न्हाय. मी ताट घेऊन गेले तर म्हणते, "केसर, माझं आता झालं गो." मला रडूच आलं. तिच्यासमोर न्हाय रडले, पण आलं.

आणि पुढच्याच महिन्यात नेत्राचं लग्न. नेत्रा आमच्याच भावकीतली, दीपेशची मुलगी. दीपेशची बोट हाय, किहीमला पर्यटकांच्या चार खोल्या हायत, सगळं बरं चाललंय. माणूस वाईट न्हाय, पण त्याला सगळं झकपक लागतं. तो आमच्या पडवीत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काकी, राग मानू नका. मोठ्या आयचा मान मी देणार. नारळ, लुगडं सगळं. पण गाण्याचं मी पेन ड्राइव्हवर ठेवलंय. धवल्यांचं रेकॉर्डिंग मिळतं आता, एकदम क्लिअर."

"आणि त्यात नावं कोणाची हायत रे?" मी विचारलं. "तुझ्या मांडवात दुसऱ्याचे पूर्वज बोलावणार काय?"

तो जरा वरमला. नेत्रा त्याच्या मागेच उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मला मोठ्या आयनंच गायला हवंय. माझी नावं घ्यायला हवीत."

शेवटी ठरलं असं की मांडवाच्या दिवसापर्यंत डबा नीट झाला तर कृष्णाबाई गाणार, न्हाय तर पेन ड्राइव्ह वाजणार. आणि मला पक्कं माहीत होतं की तो एकदा वाजला की पुढच्या प्रत्येक लग्नात तोच वाजेल. सोपं पडतं ना! मग कृष्णाबाईला कोण विचारतंय? दर लग्नाला नारळ मिळेल आणि ती कोपऱ्यात बसून दुसऱ्या कोणाचा तरी आवाज ऐकेल. ही गोष्ट मी जागृतीला स्पष्ट सांगितली. म्हटलं, "पोरी, बाकीचे ठोकळे बाजूला ठेव. हे आधी."

ती "व्हय" म्हणाली. बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी डबा आमच्या पडवीत आला. अडॅप्टर कृष्णाबाईनं नेहमीप्रमाणे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर जाळ्याच्या सुतानं घट्ट बांधून आणला होता. जागृतीनं डबा लावला. घूंऽऽऽ! तिनं आवाजाचं बटण पार खाली केलं. भुंगा तेवढाच. वर केलं. तरी तेवढाच. मला म्हणाली, "माइकमधून येत असता तर बटणाबरोबर कमी-जास्त झाला असता, आय. हा लाइटीच्या बाजूनं येतोय." मग तिनं वायफायच्या डब्याचा अडॅप्टर काढून त्याला लावला. भुंगा गेला. मी टाळीच वाजवली! पण कृष्णाबाईनं जरा वरचा सूर लावला आणि डबा फट्‌ करून बंद पडला. त्या ठोकळ्यात तेवढी ताकद नव्हती.

"मग मांडवा जेट्टीवरून लाँच धर, मुंबईला जा, नवा घेऊन ये!" मी म्हटलं. "उगाच चाचण्या कशाला करत बसलीस?"

"आधी नीट ऐकते," ती म्हणाली. "न्हाय तर नवा आणूनही भुंगा राहायचा." आणि कृष्णाबाईकडे वळून म्हणाली, "मोठी आय, तुम्ही गात राहा. भुंगा हाय तसा असू दे. कुठल्या सुराला वाढतो ते बघते."

मी बाजारात गेले. दुपारी परत आले तर कृष्णाबाई गातच होती, आणि जागृती डब्याला तळवा लावून, डोळे मिटून बसली होती. म्हटलं, सापडला? मान हलवली, न्हाय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कृष्णाबाई सकाळी चहा पिऊन येऊन बसायची आणि मांडवाचा धवला सुरू करायची. गावदेवीला बोलावणं, मग दर्याला बोलावणं, मग खाडीला, मग मांडवाच्या एकेका खांबाला. घसा सुकला की पाणी, आणि परत सुरू. जागृती कधी वायर हलवायची, कधी डब्याची जागा बदलायची, आणि म्हणायची, "पुढचं गा." मध्येच एकदा म्हणाली, "ते खाडीचं परत एकदा गा, तिथं भुंगा वेगळा वाटला."

माझा जीव टांगणीला लागला होता आणि या दोघींना घाई म्हणून न्हाय! मांडवाचा दिवस तोंडावर आला. दीपेश रोज जाता-येता विचारायचा, झालं का काकी? आणि प्रत्येक वेळी त्याच्या चेहऱ्यावर जरा जास्तच बरं वाटलेलं दिसायचं. एका संध्याकाळी माझ्या तोंडाचा पट्टा सुटलाच. "काय गो, तुला दुरुस्त करता येत न्हाय तर न्हाय म्हणून सांग! म्हातारीचा उरलासुरला घसा बसवशील तू! एवढा वेळ तर आमची बोट मुंबईला जाऊन येते!" जागृती खाली मान घालून वायर सोलत राहिली. उत्तर कृष्णाबाईनंच दिलं. "गप गो केसर. पोरगी काम करतेय, करू दे."

म्हटलं, करा बाई. माझं कोण ऐकतंय या घरात.

मांडवाच्या आदल्या दिवशी मात्र जागृतीनं मला हाक मारली. अडॅप्टरवरचं सूत कापलं, पिशवी सोडवली. आत दुसरी पिशवी, दुधाची. तिच्या आत तिसरी. ठोकळा तिनं आधीपासून बोर्डावरून काढून थंड होऊ दिला होता, लगेच हात लावायचा नसतो म्हणे, आत लाइट साठून राहते. मग तो उघडला आणि मला दाखवला. "हा कंडेन्सर बघा. लाइट सपाट करायचं काम याचं." इवलंसं नळकांडं ते, डोकं सपाट असायला हवं तर टम्म फुगलेलं.

"असा कशानं फुगला?"

ती घुटमळली. कृष्णाबाईसमोर बोलायला तिला जड जात होतं. मग म्हणाली, "यानं काम केलं की तो तापतो. त्याला हवा लागते. पिशव्यांत कोंडला की आतल्या आत शिजतो."

आता सांगते, आमच्या वाडीत असं एक घर दाखवा जिथं ठोकळा पिशवीत बांधलेला न्हाय! खारी हवा लोखंड खाते, वायरी खाते, कुलपं खाते. बोटीवरचं वायरलेस आम्ही प्लास्टिकमध्ये बांधतो, मोबाइल बांधतो, मग घरातलं का न्हाय बांधायचं? ज्याच्यावर जीव जास्त, त्याला पिशव्या जास्त. आणि कृष्णाबाईचा त्या डब्यावर केवढा जीव! ती एकदम खजील झाली. "म्हणजे मीच मारला गो त्याला?" जागृती घाईघाईनं म्हणाली, "न्हाय, न्हाय, मरत कशाला? नवा घातला की झालं." तिच्या टिनाच्या डब्यात तसाच कंडेन्सर होता. जुना काढला, नवा बसवला, डाग दिला, ठोकळा बंद केला. बोर्डाला लावला.

काहीच आवाज न्हाय. कृष्णाबाई म्हणाली, "बंद हाय का?"

"चालू हाय. बोला ना."

तिनं माइक तोंडाजवळ नेला आणि म्हणाली, "गो केसर." तिचाच आवाज, बारीकच, पण अख्खी पडवी भरून. कृष्णाबाईनं पदर डोळ्यांना लावला, आणि मीही मग लाजले न्हाय, चांगली मोकळेपणानं रडले. वर अल्पेशला बोलावून सांगितलं, "घरातल्या सगळ्या पिशव्या सोड रे!"

पण एवढ्यावर सुटका व्हायची होती का? कपाळ आमचं.

मांडवाच्या दिवशी सकाळी सगळी वाडी दीपेशच्या अंगणात. वरून कापडाचं छत, बाजूनं झालरी, आणि दिवसाढवळ्या शंभर दिवे. मानाचा खांब रोवायची वेळ झाली. जागृतीनं डबा लावला, कृष्णाबाईनं माइक हातात घेतला, आणि झुंऽऽऽ! भुंगा परत! कृष्णाबाईनं माइक खाली ठेवला. दीपेशनं आवाजवाल्याला खूण केली, त्याच्याकडे नुसती गाणी वाजवायची पेटी होती, माइक न्हाय, आणि तो खिशातून पेन ड्राइव्ह काढायला लागला.

"थांबा," कोणीतरी मोठ्यानं म्हणालं.

मी वळून बघितलं तर जागृती. माझी सून! एवढ्या लोकांत! "थांबा जरा. हा तो भुंगा न्हाय. हा वेगळा हाय. डबा चांगला हाय, हे बाहेरून येतंय." तिनं डब्याजवळचा बोर्ड बघितला. एकाच बोर्डावर सतरा वायरी. ती दीपेशला म्हणाली, "भाऊजी, दिवे एकेक करून काढू द्या."

"अगं, फोटोवाला उभा हाय!"

"राहू दे उभा," मी म्हटलं. "त्याला चहा दे."

जागृतीनं झालरीच्या माळा काढल्या. भुंगा तसाच. पंखे काढले, लोकांनी कुरकुर केली. भुंगा तसाच. कमानीचे दिवे काढले. तसाच. लोक माना वर करून विझत जाणारे दिवे बघत होते. शेवटी एकच दिवा राहिला. 'नेत्रा आणि विनेश' असं गुलाबी रंगात लिहिलेली ती मोठी पाटी. दीपेशनं खास बनवून आणलेली, नवऱ्या मुलाकडच्यांना दाखवायची म्हणून. तिचा अडॅप्टर नवाकोराच, पण जागृतीनं त्याला कान लावला आणि मान डोलावली. "हाच. आत काही धड घातलेलं न्हाय. सगळी घाण लाइटीत परत सोडतोय, आणि ती डब्यात येतेय."

दीपेशचं तोंड बघण्यासारखं झालं. "पाटी न्हाय काढायची. दुसऱ्या बोर्डावर लावा ना!"

"घराची लाइन एकच हाय, भाऊजी. आता तेवढा वेळ न्हाय."

सगळे दीपेशकडे बघायला लागले. त्यानं आवाजवाल्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. एवढ्यात हिरव्या लुगड्यातली नेत्रा उठली, हातातल्या बांगड्या सावरत बोर्डापाशी आली आणि स्वतःच्या नावाची पाटी तिनं स्वतःच्या हातानं काढली. "माझं नाव मोठी आय घेईल, बाबा," ती म्हणाली. "पाटी रात्री लावा."

मांडवात अंधुक झालं आणि भुंगा थांबला. किनाऱ्यावरची लाट ऐकू यायला लागली.

कृष्णाबाई गायला लागली. काय सांगू तुम्हाला! आवाज बारीकच होता, म्हातारा होता, पण स्वच्छ. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचत होता. आम्ही झेलत होतो. गावदेवी आली, दर्या आला. आणि खाडीला बोलावताना तिचा श्वास अडकला. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकला. ऑपरेशनच्या जागेवर तिनं हात ठेवला. आम्ही मागच्या बायका एकमेकींकडे बघत बसलो, कारण झेलायला ओळच न्हाय आणि पुढचं कोणाला येत न्हाय.

आणि डब्याशेजारी बसलेल्या जागृतीनं पुढची ओळ घेतली.

आधी इतकी हळू की मला वाटलं कृष्णाबाईच गातेय. मग कृष्णाबाईनं माइक तिच्या तोंडासमोर धरला. मला वाटलं चाचणीत ऐकलेली एखादी ओळ असेल, संपेल आता. ती कुठली संपतेय! खाडी झाली, खांब झाले, मग नावं सुरू झाली. दीपेशच्या आजोबांचं नाव, आजीचं, वादळानंतर वारलेल्या त्याच्या भावाचं. दीपेशनं डोक्यावरची टोपी काढली. मग त्याची बोट, 'एकवीरा कृपा', तीसुद्धा आली. एक नाव राहिलं न्हाय. आवाज थरथरत होता, सूर एक-दोनदा खाली घसरला, पण ती थांबली न्हाय. आणि झेलताना माझा स्वतःचाच आवाज फुटत होता, अभिमानानं म्हणा की आणखी कशानं म्हणा.

हळदीला कृष्णाबाईनं थोडं-थोडं, दम खात गायलं. लग्न थाटात झालं. पाटी रात्री लावली, छान दिसली, खोटं कशाला बोलू.

पाहुणे पांगल्यावर एका दुपारी आम्ही तिघी पडवीत बसलो होतो. मी सुपात जवळा निवडत होते, जागृती कोणाचा तरी चार्जर उघडून बसली होती, कृष्णाबाई खांबाला टेकली होती. माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती, ती मी विचारली.

"काय गो जागृते, चाचणीला किती गाणं लागतं?"

"एक ओळ पुरते," ती म्हणाली.

"मग इतके दिवस अख्खा धवला?"

ती चार्जरवर आणखी खाली वाकली. कृष्णाबाईच हसली, आणि जरा ओशाळून म्हणाली, "ते माझं काम. मला काय कळत न्हाय एक ओळ पुरते ते? म्हटलं, पोरगी भुंगा शोधतेय, तिचा कान इथंच हाय, तोवर आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊन घ्यावं. पडलं कानावर तर पडलं. नावं कशी गुंफायची तेही मुद्दाम रोज वेगळ्या घराची, दीपेशच्याही घराची, घेऊन दाखवलं. तिला शीक म्हणायला माझी जीभ रेटेना. मीच मागे एकदा म्हटलं होतं ना, त्या बोर्लीकडच्या मुलींना आपला धवला जमायचा न्हाय म्हणून." मग तिनं जागृतीच्या पाठीवरून हात फिरवला. "तुला फसवली गो पोरी. रागावू नको."

जागृतीनं सोल्डरिंगचं पेन खाली ठेवलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मोठी आय," ती म्हणाली, "फुगलेला कंडेन्सर मी पहिल्याच संध्याकाळी बघितला होता. तुम्ही घरी गेल्यावर ठोकळा उघडला आणि परत तसाच पिशव्यांत बांधून ठेवला. दुरुस्त झाला असता तर तुम्ही दुसऱ्या दिवशी गायला आला नसतात."

मी जवळ्याचं सूप खाली ठेवलं. म्हणजे मी इथं जिवाचं पाणी करत होते, देवीला नवस बोलत होते, आणि ह्या दोघी! तोंडाशी आलेल्या शिव्या सगळ्या एकदम आल्या म्हणून एकही बाहेर पडेना. कृष्णाबाई जागृतीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

मग तिनं डबा पुढं ओढला आणि जागृतीच्या मांडीवर ठेवला.

"हा परत बिघडव," ती म्हणाली. "हळदीचे धवले राहिलेत अजून."